तळवे दाखव

परवा दुपारी माझा नातू सोफ्यावर पालथा पडून मोबाइल पाहत होता. पाय माझ्याकडे होते. मी सहज एक पाय हातात घेतला आणि तळवा पाहिला. नऊ वर्षांचं पोरगं, आणि तळवा पाळण्यातल्या बाळाचा. पांढरा, मऊ, कुठे एक भेग नाही, चीर नाही, डाग नाही.

"आजी, का करून रायली?" म्हणून त्यानं पाय ओढून घेतला.

तोंडापर्यंत शब्द आले होते, पण ते माझे नव्हते. भागरताबाईचे होते.

आमच्या मुर्री गावात जे आज विशीत आहेत तेही आणि जे चाळिशीला टेकले तेही, सगळ्यांनी हे दोन शब्द ऐकले आहेत. "तळवे दाखव." भागरताबाई आमच्या अंगणवाडीची सेविका. खिचडी शिजली की ती दारात पाट टाकून बसायची. एकेक लेकरू पुढे यायचं, चौकटीला धरायचं आणि बैलाला नाल ठोकताना उचलतात तसा एक पाय मागे उचलायचं. तळवा काळा असला की, "जा, हातपाय धुऊन बस." गोरा असला की, "जा, खेळून ये. मंग खिचडी."

माझा धाकटा फार बिलंदर. त्याला सकाळी थंडीत बाहेर जायचा कंटाळा. एक दिवस त्यानं घरूनच तळव्यांना चुलीतली राख फासून नेली. भागरताबाईनं पाय धरला, नाकाजवळ नेला आणि म्हणाली, "हे माती नोहोय बाबू. हे तुझ्या मायच्या चुलीतली राख आहे. तिले सांग, लाकडं ओली आहेत." पोरगा खेळायला गेला, आणि मी त्या दिवशी खरंच लाकडं उन्हात टाकली.

मी सौंदडची. लग्न होऊन गाडीनं गोंदियाला उतरले आणि मुर्रीत आले, तेव्हापासून इथंच. शिक्षण चौथी. पुढचं सगळं बिड्या वळता वळता, पोरांची पुस्तकं वाचून झालं. म्हणून माझ्या लिहिण्यात बोलणं फार येतं, ते तुम्ही चालवून घ्या. भागरताबाई मला नावानं कधी हाक मारत नसे. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावानं ओळखतात. मी तिच्यासाठी शेवटपर्यंत "सौंदडवाली" होते.

बाई उंच होती आणि वाळलेल्या तुरीच्या काडीसारखी होती. पदर कमरेला असा खोचलेला, की पाहणाऱ्याला वाटावं ही कुणाशी तरी भांडायला निघाली. पायात चप्पल नाही. चप्पल असायची, पण पिशवीत. गोंदियाला मीटिंग असली की ऑफिसच्या पायरीशी पिशवीतून काढून घालायची आणि परत येताना त्याच पायरीवर काढून ठेवायची. "सरकारसाठी घालतो मी," म्हणायची. त्याच पिशवीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि हळदीची पुडी. कुणाचं ढोपर फुटलं की हळद दाबायची, चिंधी बांधायची आणि सांगायची, "रगत निघालं ना? म्हणजे आंगात आहे. जा आता."

आता तिच्या बांधीचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं.

आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात. पहिले काय व्हायचं, दिवाळीनंतर धान कापलं की बहुतेक बांध्या मोकळ्या पडायच्या. कुठे लाखोरी, कुठे जवस, बाकी सगळं रान पोरांचं. मृगापर्यंत कुणी कुणाला हटकत नसे. मग मोटारी आल्या, पाणी आलं, उन्हाळी धान आलं. पौषात पुन्हा चिखल, पुन्हा रोपांचा रोवणा. बाकीच्या जमिनीवर प्लॉट पडले, चुन्याच्या रेघा आल्या, भिंती आल्या. पोरांचं रान असं दोन्हीकडून सरत गेलं आणि त्याची तक्रार कुठे करायची हेच कुणाला माहीत नव्हतं.

भागरताबाईचा नवरा लवकर वारला. अंगणवाडीला लागून त्याच्या वाट्याची एक बांधी होती, तेवढी तिच्याकडे आली. पावसाळ्यात ती धान घ्यायची. उन्हाळी मात्र कधीच घेतलं नाही. दीर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून लोकांना सांगायचा, "आमची वहिनी पोट्टे पिकवून रायली." ती म्हणायची, "पिकते तं. तुमच्यासारखं पडीक नाही ना."

आणि ती बांधी नुसती मोकळी सोडत नसे. कापणी झाली की जमिनीत धानाची धसकटं उरतात, विळ्याच्या घावानं तिरपी झालेली, खिळ्यासारखी. ती तीन दिवस उकिडवी बसून ती धसकटं मुळाशी कापायची. अख्खी बांधी. पोरांच्या पायाला बोचू नये म्हणून. फक्त एक कोपरा तसाच ठेवायची. अंगणवाडीत नवं लेकरू आलं की पहिल्या दिवशी त्याला त्या कोपऱ्यात उभं करायची.

मी एकदा विचारलं, "बाई, सारं कापलं, मंग हे काऊन सोडलं?"

"पायाले समजू दे ना सौंदडवाली. इथं पहिले बोचलं तं मंग सारी बांधी मऊ लागते."

तिथं तिची लेकरं बिल्लस खेळत, रेसटीप खेळत, आणि चिखलाचे छोटे धुरे घालून आपापली शेतं करत. डब्यानं पाणी आणून एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात सोडत आणि त्यावरून खरी भांडणं करत. एकदा मोठ्या मॅडम तपासणीला आल्या. आत भिंतीवर तक्ते, आणि खोलीत एक लेकरू नाही. मॅडम बांधीवर आल्या. म्हणाल्या, "बाई, यांना अंक कधी शिकवता?"

भागरताबाईनं जवळच्या पोरीला विचारलं, "तुझ्या शेतात पानी किती डबे लागते वो?"

"सात."

"अन् याच्या?"

"याचं फुटून रायलं. याले किती बी टाका."

मॅडम हसल्या. पण शेरा वाईटच लिहून गेल्या, हेही सांगितलं पाहिजे.

आणि हेही सांगते की मला ती नेहमी आवडली असं नाही. बांधीच्या धुऱ्यावर एक चिंच होती. माझी मोठी मुलगी तिच्यावरून पडली. मी घरी बिड्या वळत होते, आरडाओरड ऐकली, सूप तसंच टाकून धावले. धुऱ्यावर पोचले तर पोरगी खाली मातीत पडलेली, हलत नाही. मी झेपावणार, तेवढ्यात मागून पदर ओढला गेला. भागरताबाईनं माझा पदर मुठीत धरला होता.

"थांब. पहिले थे उठते का पाय."

"सोडा बाई."

"थांब म्हनलं ना."

ती आपली उठते का हे पाहण्यातले ते चार-पाच श्वास मी आयुष्यात विसरणार नाही. पोरगी हलली. कुशीवर वळली. आपली आपण उठून बसली, हात हलवून पाहिला, आमच्याकडे पाहिलं, आणि रडायचं की नाही याचा विचार करून पुन्हा चिंचेकडे गेली. मी आठ दिवस भागरताबाईशी बोलले नाही. आज ती पोरगी नागपूरला एकटी राहते, नोकरी करते, आणि पडली तर मला फोन करत नाही, उठल्यावर करते.

एवढं खेळाचं वेड हिला आलं कुठून, असं मला वाटायचं. एकदा तीच बोलून गेली. आम्ही धुऱ्यावर बसलो होतो. म्हणाली, "मी नाही खेळली वो. मी आठ वर्साची होती तं कडेवर भाऊ. थो उतरला तं दुसरा. पोट्ट्या बिल्लस खेळत, अन् मी धुऱ्यावर उभी राहून पाहो. पाय निस्ते वळवळ करत." मग उठली आणि एका भांडणाऱ्या जोडीला सोडवायला गेली. पुन्हा कधी ती गोष्ट काढली नाही.

ती निवृत्त झाली. अंगणवाडी दुसरीकडे नव्या खोलीत गेली, फरशीची, फाटकाची. बांधी तिथंच राहिली. भागरताबाई दर वर्षी धसकटं कापत राहिली आणि रोज चार वाजता धुऱ्यावर जाऊन बसत राहिली. पहिल्या वर्षी आठ-दहा पोरं यायची. मग चार. मग कुत्री यायची.

आणि याच दिवसांत, बांधीसमोरच्या तिच्या घरात, वरच्या मजल्यावर परी वाढत होती.

परी तिची नात. मुलगा नरेश गोंदियाला कामाला, सून रश्मी गोंदिया शहरातलीच, हिंदी बोलणारी. परी दिवस भरायच्या आत झाली. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. रश्मी त्या काचेला कपाळ लावून उभी असायची, ते मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून मी तिला दोष देणार नाही. लेकरू घरी आलं, आणि रश्मीनं ते जमिनीला लागू दिलं नाही. घरात गादी, बाहेर कडेवर, कडेवरून गाडीत. "मम्मीजी, इन्फेक्शन हो जाएगा." सासूनं ऐकलं. पेटीतलं लेकरू तिनंही पाहिलं होतं.

पण पोरगी चार वर्षांची झाली आणि गवतावर ठेवली की रडायची. फरशीवर नीट चालायची, अंगणात दोन पावलं टाकली की जागीच बसायची. डॉक्टरनं तपासलं. पायात दोष नाही म्हणाले, सवय नाही. खेळू द्या.

भागरताबाई माझ्याकडे येऊन बसली. पाणी दिलं, प्यायली नाही. म्हणाली, "गावाची पोट्टी मातीत लोळवली मी. अन् माझ्या घरची मातीले भेऊन रायली." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "जमिनीले भ्यालं तं मंग मानूस कुठी उभा राहील वो?"

तिनं सुनेला समजावलं. हात जोडले. शेवटी रश्मी म्हणाली, "अकेली नहीं भेजूंगी मम्मीजी. बाकी बच्चे आएंगे, तो भेजूंगी. चार-पाच तो हों."

चुकीचं काही नव्हतं त्यात. एकटं लेकरू खेळत नाही, एकटं लेकरू बसून राहतं, हे भागरताबाईच सांगायची. पण चार-पाच लेकरं आणायची कुठून? ज्या बांधीतून पोरं हाकलून घरी पाठवावी लागायची, त्या बांधीसाठी आता पोरं शोधायची होती.

त्या मार्गशीर्षात तिनं धसकटं कापून घेतली आणि ती घरोघरी निघाली. माझ्या दारात आली तेव्हा मी पहिले तिच्या पायाकडे पाहिलं. तिच्या पायात चपला होत्या.

"सौंदडवाली, तुझा नातू देतेस का? अर्धा घंटा. चार वाजता मीच नेतो, साडेचारले आणून देतो. आंगावर ओरखडा आला तं मले बोल."

ओरखडा येणार नाही, असं भागरताबाई बोलत होती.

मी म्हणाले, "बाई, चार वाजता त्याची ट्युशन असते. सून मग मलाच बोलते. सोमवारपासून पाठवते ना."

"सोमवारपासून," ती म्हणाली. मान हलवली आणि पुढच्या दाराला गेली.

तिला बाकी दारांत काय मिळालं ते नंतर कळलं. कुणी म्हणालं ऊन आहे, कुणी म्हणालं कुत्री आहेत, कुणी म्हणालं मातीनं अंगाला खाज सुटते. एकीकडे ड्रॉइंगचा क्लास. एका घरी तिच्याच हाताखालून गेलेली पोरगी आता दोन लेकरांची आई. ती म्हणाली, "बाई, पहिलेसारखं राहिलं का आता?" त्यावर भागरताबाई म्हणाली, "तुले चिंचेवरून उतरवाले तुझ्या बापाले शेतातून बोलवलं होतं वो मी." दोघी हसल्या. चहा झाला. लेकरू मात्र दिलं नाही. सोमवार आला तेव्हा मीही दिलं नाही. सुनेला विचारलंसुद्धा नाही, हे खरं.

तिला लेकरं मिळाली ती बाजूच्या प्लॉटवरून. तिथं घर बांधायला छत्तीसगडचे मिस्त्री आले होते, त्यांची चार पोरं रेतीच्या ढिगावर असायची. त्यांच्या आयांनी विचारलंसुद्धा नाही कशासाठी. "ले जा दाई," म्हणाल्या. रश्मीनं गॅलरीतून त्या पोरांकडे जरा वेळ पाहिलं. पण तिनं शब्द पाळला. परीला बूट-मोजे घातले आणि स्वतः कडेवर घेऊन धुऱ्यावर आली.

मीही गेले होते. नातू ट्युशनला होता.

हिवाळ्याचं ऊन होतं. ती चार पोरं बिल्लस आखून लंगडी घालत होती. परी आईच्या कडेवर, तोंडात बोट, पण डोळे त्यांच्यावर. एका पोरीनं उडी मारली की परीचा पाय आईच्या कमरेशी हलायचा. तो हलणारा पाय मी पाहिला, भागरताबाईनंही पाहिला.

इथं ती चुकली. जी बाई तीस-पस्तीस वर्षं पाठीमागे हात बांधून वाट पाहत उभी राहिली, तिला त्या दिवशी धीर निघाला नाही. तिनं परीला कडेवरून घेतलं. बूट काढले, मोजे काढले. रश्मी "मम्मीजी, मम्मीजी" म्हणेपर्यंत ती पोरीला घेऊन त्या बोचऱ्या कोपऱ्यात पोचली होती. पहिल्या दिवशी प्रत्येक लेकराला तिथंच उभं केलं होतं, म्हणून हिलाही. दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती.

परी उभी राहिली. खाली पाहिलं. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. खरंच टाकलं, मी पाहिलं आहे. तिसऱ्याला ती पडली.

तळव्यात धसकट गेलं होतं. हाताला खरचटलं. पोरगी अशी किंचाळली की बिल्लस खेळणारी पोरं जागीच थांबली. रश्मी धावली, आणि भागरताबाईनं तिची ओढणी मुठीत धरली.

"थांब. पहिले थे उठते का पाय."

"छोड़िए, मम्मीजी."

"थांब बाई. उठते थे. उठतेच."

मी मनात श्वास मोजू लागले. चार झाले, पाच झाले, सात झाले. परी उठली नाही. ती मातीवर हातसुद्धा टेकत नव्हती, दोन्ही हात वर धरून पडल्या पडल्या रडत होती. उठायचं कसं हे तिला माहीतच नव्हतं. रश्मीनं ओढणी खसकन ओढली, ती अर्धी भागरताबाईच्या मुठीतच राहिली. तिनं पोरगी उचलली. जाताना मोठ्यानं काही बोलली नाही. नुसतं म्हणाली, "आपको दिखता नहीं क्या, वो नहीं उठ सकती."

भागरताबाईनं पिशवीतून हळद आणि चिंधी काढली होती. हात पुढे तसाच. रश्मी जिन्यानं वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर बाई त्या कोपऱ्यात उकिडवी बसली होती. उरलेली धसकटं कापत होती. मुळाशी, एकेक. आयुष्यात पहिल्यांदा तो कोपरा साफ झाला. मग ती सुनेकडे गेली आणि म्हणाली की आता काहीच बोचत नाही, येऊन पाहून घे. रश्मी आली नाही. परीला दोन दिवस ताप होता. धसकटामुळे होता की कशानं, देव जाणे. गावभर मात्र झालं की म्हातारीनं नातीला काट्यांत उभं केलं.

मिस्त्री घर बांधून निघून गेले, त्यांची पोरं गेली. भागरताबाई चार वाजता धुऱ्यावर यायची. परी वर गॅलरीत जाळीच्या मागे उभी असायची. आजी खालून मातीचा बैल करून दाखवायची, पोरगी टाळ्या वाजवायची. जिना बारा पायऱ्यांचा असेल. तेवढं अंतर काही मिटलं नाही.

ती चैतात गेली, तापाचं निमित्त होऊन. त्यातलं काही लिहावं असं नाही. तेराव्यानंतर रश्मी माझ्याकडे आली होती. बराच वेळ बसली. म्हणाली, "आंटी, मैं डरती थी. अब भी डरती हूं." मीही माझा नातू घरातच ठेवला होता, आणि मला तर भीतीही नव्हती. नुसता आळस होता.

पण भागरताबाई म्हटलं की मला आठवतो तो तिच्या शेवटच्या वर्षाचा माघ. मी रस्त्यानं येत होते. सगळीकडे उन्हाळी धानाचे रोवणे चालले होते. आणि मी पाहिलं, भागरताबाईच्या बांधीत पाणी होतं. चिखल केलेला. ती एकटी वाकून रोवत होती. मजूर नाही, कुणी नाही. डाव्या हातात पऱ्ह्याची जुडी, उजव्या हातानं एकेक रोप चिखलात खोचत मागे सरकत होती.

मी धुऱ्यावर गेले. "बाई, हे का करून रायल्या?"

"रिकामी बांधी चांगली दिसत नाही," ती म्हणाली. वर पाहिलं नाही.

इतक्यात दिसलं की त्या कोपऱ्यात, पूर्वी बोचरा असायचा त्या, एक तुकडा कोरडा ठेवला होता. भोवती हातभर उंचीचा धुरा घातलेला, पोरं घालत तसा. आत रोप नव्हतं. जागा चटईएवढी.

"हे काऊन सोडलं?"

"एक पोट्टी बसल इतकं सोडलं."

"कोन येणार आहे बाई आता?"

तिनं कंबर सरळ केली. माझ्याकडे पाहत राहिली, मग माझ्या पायाकडे. "सौंदडवाली, तळवे दाखव."

मी हसले. ती हसली नाही. मग मी चप्पल काढली, चिंचेच्या खोडाला धरलं आणि एक पाय मागे उचलला. माझा घरात बसून बसून पांढरा झालेला तळवा तिनं चिखलात उभं राहूनच पाहिला.

"जा," ती म्हणाली. "खेळून ये."

आणि पुन्हा वाकली. मी चप्पल हातात घेऊन तशीच उभी होते. ती मागे मागे जात होती. तिची पावलं चिखलात उमटत होती, त्यांत पाणी भरत होतं, आणि त्या पाण्यात ती एकेक रोप खोचत होती.